शनवार तेल्यांचे इंजिन

बेरशेव्याच्या जुन्या तुर्की स्टेशनात एक काळे वाफेचे इंजिन उभे आहे. मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. स्टेशन १९१५ सालचे, तुर्की अमलातले. इंजिन पाहुणे आहे. ते २०१२ साली तुर्कस्तानातून इथे आले. त्याची जात ब्रिटिश, 'एट एफ' नावाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी इंजिने आपल्या या देशातही धावली.

माझा नातू ते पाहून म्हणाला, "आजोबा, यात तेल कुठे घालतात?" प्रश्न मला आवडला. माझे बाबा मुंबईकडे रेल्वेत फायरमन होते. मी त्याला सांगितले, की भट्टीत कोळसा जळतो, बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्याला ढकलते आणि दांडे ती आठ मोठी चाके फिरवतात. प्रत्येक सांध्याला तेल लागते. ते कमी पडले तर सांधा तापतो.

तेल आपल्या रक्तातच आहे. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली आणि पुढे आपली कितीतरी माणसे रेल्वेत लागली. घाणा थांबवणे आपल्या हातात होते, गाडी थांबवणे नव्हते.

आमच्या घरी शब्बाथला चूल पेटत नसे आणि बाबांचे काम आग पेटती ठेवण्याचे! शनिवारी ड्यूटी लागली, की आई शुक्रवारीच डबा करून ठेवी. मनुकांच्या शरबतावर किद्दुश म्हणून बाबा गणवेश घालीत. त्या वेळी घरात कोणी बोलत नसे. पाच मुलांचे पोट त्या नोकरीवर होते.

इथे आल्यावर बाबा कारखान्यात लागले. शनिवारी इथे गाड्याच बंद. पहिल्या शनिवारी ते सिनेगॉगमधून आले, खुर्चीवर बसले आणि आईला म्हणाले, "आज कुणीच ड्यूटीवर नाही गं." आई रडली.

तुमच्याही घरात असे शनिवार झाले असतील, रेल्वेतले, गिरणीतले, इस्पितळातले. वडीलधाऱ्यांनो, ते सांगा. मुलांनो, ते मराठीत लिहून पुढच्या वर्गाला घेऊन या.