डाग कपड्याला, लाज मनाला

जठारपेठेतल्या आमच्या घरात अम्मीने कपड्याला लागणारा डाग तीन महिने लपवला. प्रत्येक नमाजाआधी कपडे बदलायची, नव्याने वजू करायची, पण डॉक्टरचं नाव काढलं की गप्प. मूळव्याधच असेल म्हणायची. सर्जनने तपासलं तर भगंदर! गुदद्वाराजवळचं गळू फुटून आत बारीक वाट राहते, तिच्यातून पू झिरपतो. ती मलमाने बुजत नाही. बहुधा शस्त्रक्रियाच लागते. चिकट स्राव मूळव्याधीने, आवेने, संसर्गानेही होतो, क्वचित कर्करोगानेही. म्हणून रक्त, पू, घटतं वजन किंवा न थांबणारा स्राव दिसला की दाखवावं. ताप आणि ठणका असेल तर त्याच दिवशी. लेडी डॉक्टर हवी तर आधी विचारता येतं. अम्मी आता कोमट पाण्याच्या टबात बसते. जखम भरायला काही आठवडे लागतील.