सहलीचा दिवस आपलाही आहे

आपल्या घरात ‘सहल’ हा शब्द येतो तो बहुधा मुलांच्या शाळेतून. पोरगा वर्गणी मागतो आणि बाप खिसा चाचपतो. मोठ्या माणसांनी, त्यातही बायांनी, नुसते बघायला आणि मोकळ्या हवेत बसायला कुठे जावे, हे आपल्याकडे फारसे घडत नाही. आपण वस्तीबाहेर पडतो ते लग्नाला, मयतीला, नाहीतर दवाखान्यात. वर्षातून एकदा दीक्षाभूमीला जातो. बाकी फिरणे म्हणजे रिकामटेकड्यांचे आणि पैसेवाल्यांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत.

परंतु बंधू-भगिनींनो, सुट्टी कोणी आपल्याला भीक म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कारखान्यातील कामगारांसाठी पगारी रजेचा आणि आठवड्याला ४८ तासांचा कायदा झाला. माणूस यंत्र नाही, हा त्यामागचा विचार आहे.

फिरण्याचा हक्कही आपल्याला सहज मिळालेला नाही. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ झाली म्हणून काहींनी तेथल्या हौदावर हातपाय धुतले, आणि पाणी बाटवल्याचा गलका झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कोणी पाण्याला शिवू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत दिला! हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आज तसा शिपाई आपल्यामागे नाही. मग आपण घरात का बसतो?

आमच्या भंडारा जिल्ह्यात एका दिवसात जाऊन येण्यासारखे ठिकाण म्हणजे पवनी. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे सुमारे ४५ किलोमीटर, तर नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे सुमारे ८०. वैनगंगेच्या काठचे हे जुने गाव. जुना परकोट, खंदक, नदीचे घाट, सगळे पायी हिंडून पाहता येते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन स्तूप सापडला. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही थोडा अधिक. नागराज मुचलिंदाचे शिल्प निघाले. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. पोरांना सांगावे की, बाबांनो, दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांनी वर्गणी काढूनच हे उभे केले होते! जवळच रुयाड-सिंदपुरीचा नवा महास्तूपही त्याच दिवशी पाहून होतो.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, हिशेबाशिवाय बोलत नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. कणीक, वांगी, गोवऱ्या घरूनच न्यायच्या. दर महिन्याला घरटी थोडे पैसे बाजूला टाकले तर वर्षाची एक सहल सहज निघते. लग्नातल्या वाजंत्रीवर आपण याहून कितीतरी जास्त उडवतो.

आमच्या वस्तीच्या सहलीत एक नियम आहे. त्या दिवशी रोडगे पुरुषांनी भाजायचे, भाजी पुरुषांनी फोडणीला घालायची आणि भांडीही त्यांनीच घासायची. पहिल्या वर्षी साठी ओलांडलेल्या एक आजी सारख्या उठत होत्या. म्हणाल्या, “मले काही काम सांगा ना बाप्पा, नुसतं बसून कसं होते?” जन्मभर ज्यांना कोणी बसू दिले नाही, त्यांना बसायचे कसे हेच ठाऊक नव्हते. दुपारी मात्र झाडाखाली त्यांना गाढ झोप लागली. कोणी त्यांना उठवले नाही. कायद्याने कामगाराला रविवार दिला, पण घरच्या बाईला तो अजून आपण दिलेला नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. गोसीखुर्दचे धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात दारे उघडली की नदी झपाट्याने चढते, म्हणून सहल हिवाळ्यात काढावी आणि मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे या धरणात येते, तेव्हा पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. धरण पाहायला गेलात तर नुसते फोटो काढून परतू नका. १९८८ साली भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पासाठी कित्येक गावे उठली. त्या गावांची नावे मुलांना सांगा.

येत्या हिवाळ्यातला एक रविवार आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि त्या दिवशी घरातल्या बाईला आधी बाहेर काढा, मग घराला कुलूप लावा!