फुटका कान

आमच्या वस्तीत ताप आला की बिमारी, हगवण लागली की बिमारी. कान वाहणं ही बिमारीच नव्हती. पावसाळ्यात पोट्ट्याचा कान फुटायचा, वाकळीवर पिवळे डाग पडायचे, माश्या घोंगावायच्या. म्हाताऱ्या म्हणायच्या, "वाहू दे व माय, आतली घान बाहीर पडते. पोट्टं मोठं झालं का आपोआप बंद होते." मग लसूण जाळलेलं कोमट तेल आणि कापसाचा बोळा. वाशीमकडे कापसाला काय तोटा?

माझे दोन्ही कान असे वर्षानुवर्षं वाहिले. शाळेत माझी जागा मागं, दाराजवळ. ती जातीनं दिलेली. मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलायचे, माझ्यापर्यंत अर्धंमुर्धं यायचं. "काय गुरुजी?" विचारलं की ओरडायचे, "बह्याडा, आईकू येत नाही का?" खरंच येत नव्हतं. पण वऱ्हाडीत बह्याड म्हणजे मूर्ख. पडदा कानाचा फाटला आणि निकाल डोक्याचा लागला.

कान का फुटतो ते मोठेपणी समजलं. नाक-घशाच्या मागून कानाच्या आतल्या पोकळीत एक नळी जाते. लहान पोरात ती आखूड, आडवी असते. सर्दी झाली, घसा सुजला की जंतू त्या वाटेनं कानात चढतात. पू साठतो, पोरगं रातभर रडतं, मग पडदा फाटतो. ठणका थांबतो. मायला वाटते, बरं झालं. बहुतेक वेळा पडदा भरूनही येतो. पण कान दोन आठवड्यांपुढं वाहतच राहिला, तर भोक कायमचं राहू शकते आणि ऐकणं मंदावते. एका खोलीत आठ माणसं, चुलीचा धूर, अर्धं पोट. यांनी सर्दी पुन्हा पुन्हा येते. हा रोग आमच्या रक्तात नाही, आम्हाला दिलेल्या जागेत आहे.

वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, असं गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलं आहे. असल्याच कायद्यांची पोथी म्हणून 25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात महाडला मनुस्मृती जाळली. आता कथील कोण ओतते? वाहत्या कानाकडं नुसतं कोणी पाहिलं नाही, तरी तेच काम होते.

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. कानाचा डॉक्टर म्हणजे अकोला. मीटरगेज गाडीचं तिकीट आणि मायबापाची दिवसाची मजुरी, दोन्ही जायचं. म्हणून कोणी गेलंच नाही. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा झाला. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतल्या पोरांची तपासणी आहे, त्यात कान वाहणंही मोजतात. म्हणजे सरकारच्या कागदावर तरी ती आता बिमारी आहे.

म्हणून बायांनो, वाहत्या कानात तेल नको, दूध नको, पाल्याचा रस नको. स्वच्छ सुती चिंधीची वात करून पू टिपा, कान कोरडा ठेवा, नदी-नाल्यात डुबकी बंद. डॉक्टरनं दिलेले थेंब सांगितले तेवढे दिवस घाला. भोक बुजलं नाही तर ऑपरेशन करून पडदा बसवता येतो. कानामागं सूज, चक्कर, तोंड वाकडं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुवाला घाण वास येत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखवाच. तो आतलं हाड खातो.

आणि आपलेच पोरं आता मास्तर झाले आहेत, त्यांना सांगणं आहे. मागच्या बाकावरचं पोरगं पुन्हा पुन्हा 'काय' विचारत असेल, तर त्याला पुढं बसवा. पाठीमागून हळूच हाक मारून पाहा. त्याचा कान पाहा. बह्याड म्हणायच्या आधी.