डिकीतली टाकी

जंक्शन गावच्या चौकात गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी पेट्रोलचा फिल्टर काढून तळहातावर झटकला. विटकरी भुकटी पडली, तपकिरीइतकी बारीक. कार्बोरेटर दोनदा उघडून झाला होता, पंपाचा पडदा नवा टाकला होता. दुखणं टाकीत होतं आणि मी भलतीकडंच औषध लावत होतो.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ ची. अण्णा वालचंदनगरला फिटर होते, त्यांनी ती जुनी घेतली. या भागात पद्मिनीकडं कुणी परकी गाडी म्हणून बघितलं नाही. ज्या वालचंद हिराचंदांनी इथल्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. गाडी कुर्ल्याला बनायची, पण धनी एकच. अण्णा तिला अजून ‘आपल्या शेटची गाडी’ म्हणतात.

या गाडीची टाकी डिकीतच बसवलेली असते. ३८ लिटर मावतात. मी गाडी वर्षभर शेडमध्ये अर्ध्या टाकीवर उभी ठेवली, ही मूळ चूक. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा, आणि त्या हवेतला ओलावा रात्री पत्र्याला आतून घाम आणतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जाऊन बसतात. गंज नेमका तिथंच धरतो. जुन्या रबरी नळ्याही त्यानं मऊ पडतात. इथेनॉलबद्दल मला तक्रार करायची नाही, आमच्याच उसाचं ते आहे आणि ऊसवाल्याला त्याचा आधार झाला आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीचा पत्रा त्या हिशोबानं घडवलेला नव्हता, तेव्हा काळजी आपणच घ्यायची.

बॅटरीची वायर काढून, अंगणात उघड्यावर पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. टाकी सोडवून मी पडवीत आणू लागलो तर अण्णा बाजेवरून म्हणाले, “घरात आणू नगंस. मोकळी झाली म्हंजी निवली असं समजू नगं. भरल्या टाकीपरीस रिकामी वंगाळ.” खरंच आहे. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ लवकर पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत वाफच भरलेली असते. दोन दिवस ती चिंचेखाली तोंड उघडं ठेवून पडली होती. मग साबणाच्या पाण्यानं तीनदा खंगाळली.

गंज काढायला ॲसिड आणणार होतो. अण्णांनी मळी सुचवली. कारखान्यात असताना ते गंजके नटबोल्ट मळीच्या पाण्यात टाकून ठेवायचे. चुलत्यांच्या गोठ्यात पशुखाद्यात मिसळायला आणलेली मळी होतीच. चार लिटर मळी, बाकी पाणी, टाकी काठोकाठ. फ्लोट आधी काढून ठेवला, कारण ॲल्युमिनियमला मळी खाते. तोंडावर नुसतं फडकं बांधलं. मळी आंबते, वायू धरते, झाकण घट्ट लावलं तर टाकी फुगायची.

पंधरा दिवस अंगणात गुऱ्हाळ आणि दारूभट्टी यांच्या मधला कुठला तरी वास होता. आई रोज विचारायची, “कवा न्हेतूस हे?” आठव्या दिवशी तळाच्या शिवणीपाशी दोन काळे थेंब दिसले. तिथं गंजानंच भोकं बुजवून धरली होती, गंज सुटला तशी ती उघडी पडली. सोळाव्या दिवशी टाकी रिकामी करून मूठभर नट आत टाकले, घोंगडीत गुंडाळली आणि आम्ही दोघांनी ती दोन टोकांना धरून हलवली. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत, पण हात सोडेनात. पाणी स्वच्छ येईस्तोवर धुतली आणि टॉर्च घातला. आतला पत्रा राखाडी दिसला, नव्या बादलीच्या तळासारखा. मी बराच वेळ डोळा लावून बसलो.

धुतलेला पत्रा पाच मिनिटांत केशरी पडतो, म्हणून धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरूनच टाकी रेडिएटरवाल्याकडं नेली. भोकं वरच्या अंगाला येतील अशी ती त्यानं कलती ठेवली, पाणी भोकांच्या जरा खाली आणलं आणि कथलाची झाळ दिली. घरी आल्यावर ब्लोअरनं आतून खडखडीत वाळवली आणि पाव लिटर टू-टी ऑइल सगळीकडं फिरवलं. आतून लेप द्यायचा मोह मी आवरला. लेप पुढं सुटला तर त्याचे पापुद्रे नळीत अडकतात.

बाहेरून रंग द्यायला मात्र घाई केली. घासून रेड ऑक्साइड, वर साधा काळा ऑइलपेंट. दिसायला झकास. पेट्रोल ओतताना तोंडापाशी चमचाभर सांडलं आणि रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. मला रडूच यायचं बाकी होतं. सगळा रंग खरवडला, ८० चा पॉलिशपेपर, मग २२०, थिनरचं फडकं, इपॉक्सी प्रायमर आणि हार्डनर घालून लावायचा पीयू काळा. त्याला गाळणीचा मास्क लागतो, साधा रुमाल चालत नाही. तीन हात पातळ मारले आणि मग आठवडाभर हात लावला नाही.

आठव्या दिवशी अण्णांनी कोपऱ्यावर थेंबभर पेट्रोल टाकलं, घटकाभर थांबून अंगठ्याचं नख दाबलं. खूण उठली नाही. मी नव्या नळ्या आणि क्लिपा हातात घेऊन उभाच होतो.

“बसव आता,” ते म्हणाले, “अन् काठोकाठ भरून आण.”