चाकं टेकल्यावर

चाकं जमिनीला लागली की विमान उतरलं, हे मी धरूनच चाललो होतो. माझ्या सगळ्या चुका तिथून निघाल्या. मी उडायला शिकलो सेसना १७२ वर. तिचं तिसरं चाक नाकाखाली आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे, त्यामुळे जरा तिरकी टेकली तरी ती आपली आपण सरळ होते. नंतर शिकायला घेतलेल्या पायपर जे-३ कब विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. थोडं तिरपं टेकलं की ते मागचं वजन पुढे यायला बघतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना होतं तसंच. वेळेवर आवरलं नाही तर विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं. त्याला ग्राउंड लूप म्हणतात. अमेरिकेत असं विमान जबाबदार वैमानिक म्हणून चालवायला प्रशिक्षकाची लॉगबुकात वेगळी नोंद लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी ज्यांनी ते काम केलंय, त्यांना सूट आहे. ही नोंद मला कागदी सोपस्कार वाटली होती.

कब एकट्याने उडवायची ती मागच्या सीटवरून, म्हणून शिकणाराही मागेच बसतो. नाक वर आलं की समोर प्रशिक्षकाची पाठ, धावपट्टी दिसतच नाही. मी त्याच्या खांद्यावरून डोकावून चाकांजवळचं गवत बघायचो. इतक्या जवळ बघितलं की उंचीचा अंदाज साफ चुकतो. कधी स्टिक लवकर ओढून विमान वरूनच आपटायचं, कधी उशीर होऊन मुख्य चाकं आधी लागायची. मग शेपटी खाली जाते, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान उसळतं. उसळलं की घाबरून मी स्टिक पुढे ढकलायचो, म्हणजे पुढची उसळी आणखी मोठी. प्रशिक्षकाने नजर धावपट्टीच्या पार टोकाला लावायला सांगितली. दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत रुंदावताना दिसू लागल्या तेव्हा उंची कळायला लागली. कबच्या दाराचा खालचा पल्ला उघडा ठेवून उडता येतं. वेग फार कमी झाला की तो आपोआप वर तरंगू लागतो. ही खूण मला फार उपयोगी पडली.

आता ती चूक, जिचं मला अजून वाईट वाटतं. वारा डावीकडून होता. तिन्ही चाकं एकदम टेकली, छान टेकली, आणि मी सुटकेचा श्वास टाकून स्टिक मध्ये आणली. ती पोटाशी ओढलेली आणि वाऱ्याच्या बाजूला कललेली हवी होती, वेग उतरेल तशी जास्तच. डावा पंख उचलला गेला, नाक वाऱ्याकडे वळलं. रडरवर उजवा पाय दाबला, पण उशिरा. त्या वेगाला रडरमध्ये जोरच उरला नव्हता. उजव्या पंखाचं टोक गवतावरून घासत गेलं. पिवळ्या कापडावर हिरवा ओरखडा आणि कडेला बोटभर फाटलेलं. विमान दुसऱ्याचं होतं.

त्यानंतर प्रशिक्षकाने मला बरेच दिवस नुसतं धावपट्टीवरून पळवलं. पाय दाबायचा आणि नाक वळू लागताच काढून घ्यायचा, ते सरळ होईपर्यंत थांबायचं नाही. टाचा ब्रेकपासून लांब. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय चालूच. तिन्ही चाकांवरचं उतरणं आता बसलंय. शेपटी वर ठेवून फक्त मुख्य चाकांवर उतरणं अजून कच्चं आहे. टेकताक्षणी स्टिक किंचित पुढे द्यायला हात अजून धजत नाही, म्हणून आडवा वारा जोराचा असेल त्या दिवशी मी एकटा उडत नाही.