येळवस, भुतं आणि बायकांचे सिनेमे

वीकेंडला कुठे जायचं, या प्रश्नाला आमच्या ऑफिसात चारच उत्तरं आहेत. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर आणि 'झोपणार'. मी 'नांदेड-लातूर' म्हटलं तर शेजारच्या क्युबिकलमधून थेट विचारणा झाली, "कोण वारलं का?"

कुणी वारलं नव्हतं. येळवस होती. म्हणजे वेळ अमावस्या. सगळा महाराष्ट्र अमावस्येला नवी गाडी घेत नाही, प्रवास टाळतो, लिंबू-मिरची बदलतो. लातूर आणि धाराशिवकडची माणसं मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या या अमावस्येला घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात. लातूरला त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, बॉस! जगात भुताच्या तिथीला पिकनिक करणारे लोक किती असतील?

म्हणून जाताना मोबाइलमध्ये चार भयपट भरून घेतले. अट एकच, दिग्दर्शक बाई हवी. कारण आदल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एका सिनेमापंडिताने ज्ञान दिलं होतं, की बायका हॉरर काढत नाहीत, फक्त त्यात किंचाळतात. याला 'द बाबाडूक' काढणारी जेनिफर केंट माहीत नव्हती. 'द सब्स्टन्स'वाली कोराली फार्जा माहीत होती, पण ती बाई आहे हे माहीत नव्हतं. असो. मला परदेशात जायचंच नव्हतं, आपल्याकडचं बघायचं होतं.

मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी नांदेड. स्टेशनवरून थेट सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथेच गेले, आणि आज दिसते ती इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. पांढरा संगमरवर, सोनेरी घुमट आणि लंगरची गरमागरम डाळ. रात्रभर साइड अपरवर अंग चोरून आलेल्या माणसाला या डाळीची किंमत कळते.

पण मला त्या दिवशी माहूर गाठायचं होतं. जिल्हा नांदेडच, पण गाडीने तीन तास तरी धरा. साडेतीन पीठांपैकी एक, रेणुकेचं ठाणं. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदूर लावलेला भव्य मुखवटा आहे, तोंडात विडा. लहानपणी आजीबरोबर आले होते तेव्हा 'बाकीची देवी कुठे गेली?' असं विचारल्याचं आठवतं. उत्तर मोठेपणी कळलं. नवऱ्याला बायकोच्या मनात क्षणभर दुसरं काहीतरी आल्याचा संशय आला, त्याने मुलाला सांगितलं हिचं डोकं उडव, आणि आज्ञाधारक मुलाने उडवलं. आपण ही गोष्ट पितृभक्तीची म्हणून ऐकतो. रेणुकेच्या बाजूने ऐका, रात्री दिवा लावून झोपाल.

परत नांदेडला येऊन वजिराबादेतल्या एका लॉजवर पहिला सिनेमा लावला, 'गहराई', १९८०. दिग्दर्शनाला दोन नावं आहेत, विकास देसाई आणि अरुणा राजे. अरुणाताई पुण्याच्या एफटीआयआयमधून एडिटिंग शिकून आलेल्या. पुढे त्यांनी 'रिहाई' काढला, आणि २०१९ मध्ये मराठीत 'फायरब्रँड'. 'गहराई'त डॉ. श्रीराम लागू बंगळुरात राहणारा एक व्यवहारी गृहस्थ आहे. तो गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो, ती सांभाळणाऱ्या बसवाला देशोधडीला लावतो आणि मजेत असतो. मग त्याची शाळकरी मुलगी, पद्मिनी कोल्हापुरे, वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. बोलते ते काय? तर बापाने बसवाच्या बायकोशी काय केलं होतं आणि ती बाई विहिरीपर्यंत कशी पोचली, ते. घरातली सगळी माणसं भूत घालवायला मांत्रिक शोधत फिरतात. ती पोर खरं बोलतेय का, हे तपासायची मात्र कुणाला घाई नाही. रामसे बंधू त्याच काळात तळघरातून राक्षस काढत होते, आणि इथे सगळी भीती जेवणाच्या टेबलावर! काही ठिकाणी सिनेमा फार लांबतो. पण लागूंचा चेहरा बघा. मुलगी आजारी पडल्याची काळजी कुठे संपते आणि पकडले गेल्याची भीती कुठे सुरू होते, ते त्या चेहऱ्यावर नेमकं दिसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एसटी. नांदेड-लातूर रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. थंडीत दोन्हीकडे ज्वारी, हरभरा, करडई आणि लांबच लांब काळी जमीन. खिडकीची जागा मिळवा, मोबाइल बंद ठेवा.

अहमदपूरच्या अलीकडे माझ्या आत्याचं गाव. शेतात कडब्याची कोप उभी होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली आणि जेवण आलं. भज्जी, म्हणजे आपली कांदाभजी नव्हे! डाळी, शेंगा आणि मिळतील त्या पालेभाज्या बेसनात शिजवलेली घट्ट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातलं आंबील. आंबिलाचे तीन ग्लास झाल्यावर मी बांधावर आडवी झाले आणि दुसरा सिनेमा लावला.

"काय बघायलीस गं?" आत्या येऊन बसली.

"भुताचा सिनेमा."

"दाव."

'सविता दामोदर परांजपे', २०१८. दिग्दर्शक स्वप्ना वाघमारे जोशी, निर्माता चक्क जॉन अब्राहम. मूळ शेखर ताम्हाणेंचं गाजलेलं नाटक, रंगभूमीवर रिमा लागूंनी केलेलं. कुसुमला (तृप्ती तोरडमल) वेदना होतात, डॉक्टरांना काही सापडत नाही, नवरा (सुबोध भावे) हतबल, आणि तिच्यात सविता नावाची दुसरीच बाई राहतेय असं निघतं. माझ्या मते पार्श्वसंगीत गरजेपेक्षा जास्त घाबरवायला जातं आणि नाटकाचा दिवाणखाना काही सिनेमाची पाठ सोडत नाही. पण आत्या हलली नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "चांगल्या घरची हाय ही. आधी डाक्टरकडं नेलं हिला."

आत्याला 'लागीर' झालं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, दुसरी मुलगी झाली त्यानंतरची. ती दात खायची, गुरगुरायची. वडील हा किस्सा लग्नाकार्यात नक्कल करून सांगायचे आणि आम्ही पोरं हसायचो. या भागात त्याला भानामती म्हणायचे. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणं, घरावर दगड पडणं, एकीचं बघून दुसरीनं भुंकायला लागणं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात वर्षानुवर्षं फिरून दाखवून दिलं, की फुल्या बिब्ब्याच्या रसाने भाजून उठतात, दगड माणसंच मारतात, आणि भुंकणाऱ्या बाईला मांत्रिकाची नाही, उपचाराची आणि जरा विसाव्याची गरज असते.

त्या दुपारी पहिल्यांदाच मी तिला विचारलं, नेमकं काय झालं होतं?

"काय माहीत. पण पंधरा दिवस सासूनं चुलीला हात लावू दिला नाही. तेवढाच आराम." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "देवऋष्यानं मिरचीची धुरी दिली. कुणी केलंय सांग, कुणी केलंय सांग. मी काही बोलले नाही. त्यानंच शेजारच्या रांडमुंड बाईचं नाव घेतलं. लोकांनी तिचं दार फोडलं. ती गाव सोडून गेली, लेकराला घेऊन."

"कुठे गेली?"

"कुणी पुसलं?"

आमच्या नकलेत ही बाई कधीच नव्हती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे आज त्या कायद्याने गुन्हे आहेत. आत्याच्या शेजारणीला त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी आत्याने स्वतःच विचारलं, "दुसरा हाय का?" मग अन्विता दत्तचा 'बुलबुल' (२०२०) लावला. बंगालची हवेली, बालवधू, लाल आभाळ आणि उलट्या पायांची चुडैल. हिंदी संवाद तिला अर्धेच कळले असावेत, पण चुडैल कुणाला मारते आणि कुणाला सोडते हे तिने माझ्याआधी ओळखलं. रीमा कागतीचा 'तलाश' (२०१२) सुरू केल्यावर मात्र दहा मिनिटांत घोरायला लागली. आमिर खानने हे मनाला लावून घेऊ नये.

रविवारी लातूर. गंजगोलाई बघाच. १९१७ पासूनची गोल बाजारपेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ, आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याचा धंदा वेगळा. मी दोनदा त्याच सराफाच्या दुकानासमोर येऊन पोचले.

तिथून औशामार्गे किल्लारी, तासाभराचा रस्ता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, दमून झोपलेली गावं. माळवदाची घरं होती, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर. उन्हाळ्यात थंडगार ठेवणारं तेच छप्पर अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, ५२ गावं जमीनदोस्त झाली. जुन्या गावठाणात आता झुडपं आणि स्मारक आहे. नवं किल्लारी आखीव चौकोनांत वसलंय, घरं बुटकी, एकमेकांपासून अंतर राखून उभी.

स्टँडजवळ एक बाई चहाची टपरी चालवत होत्या, साठीच्या आसपास. मुंबईहून आलीस तर काय काम काढलंस, म्हणाल्या. मी सांगितलं, भुताच्या सिनेमांवर लिहितेय, बायकांनी काढलेल्या.

त्यांनी गाळणी झटकली. "त्यात घर पडतंय का?"

मी चारही सिनेमे आठवून पाहिले. माणसं मरतात, बायका मरून परत येतात, घरं सगळी शाबूत.

"नाही पडत," मी म्हटलं.

"मग ठीकंय," म्हणाल्या, आणि दहाची नोट बघून सुटे आहेत का विचारलं. लातूरची बस लागली होती.