नऊ एकरांची वाटणी

वाटणीच्या दाव्यासाठी बाई आली की मी तिला दोन तारखा विचारते. वडील कधी वारले आणि तुमचं लग्न कधी झालं? दुसऱ्या प्रश्नाने बायका गोंधळतात. लग्नाचा आणि जमिनीचा काय संबंध?

संबंध होता. माझ्याकडे दोन बहिणी आल्या होत्या. थोरलीचं लग्न मे १९९४ मधलं, धाकटीचं त्यानंतर दोन वर्षांनी. आई आधीच गेलेली. वडील १९९९ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे एक भाऊ आणि वडिलोपार्जित नऊ एकर.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलाचा जुना जन्मसिद्ध हक्क कायम ठेवला होता, मुलीला तो दिला नव्हता. त्यामुळे आधी बाप-लेकात वाटणी झाली असं मानायचं, साडेचार-साडेचार एकर. मग बापाच्या वाट्याचे तीन भाग. म्हणजे भावाला सहा एकर, बहिणींना दीड-दीड.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीलाही जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखी वाटेकरी केलं. आंध्र आणि तमिळनाडूने हे आधीच केलं होतं. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आता वाटणी बाप, भाऊ आणि धाकटी यांच्यात. प्रत्येकी तीन एकर. बापाचे तीन पुन्हा तिघा भावंडांत. भावाला चार, धाकटीला चार, थोरलीला एक. जुन्या कायद्यात तिला दीड एकर मिळत होता. बायकांसाठी केलेल्या सुधारणेने तिचा अर्धा एकर नेला!

"मुहूर्त महिनाभर पुढचा धरला असता तर?" तिने विचारलं होतं. तो प्रश्न मी विसरलेले नाही. लग्नात दिलं-घेतलं त्यातच मुलीचा वाटा आला, ही गावागावातली समजूत कायद्यात कलम होऊन बसली होती. विधी आयोगाने १९९९ मध्ये पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात या विषयावर कार्यशाळा घेतली, आणि २००० च्या १७४ व्या अहवालात मुलींना जन्मसिद्ध हक्क देण्याची शिफारस केली. आधी लग्न झालेल्या मुली मात्र त्या मसुद्यातही बाहेरच होत्या. ९ सप्टेंबर २००५ ला देशभर दुरुस्ती लागू झाली तेव्हा कुठे ही लग्नाची अट गेली.

तरी थोरली अडकलीच. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. तिचे वडील तर सहा वर्षं आधीच गेलेले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ बदलला. हक्क जन्माचा आहे, मग बाप २००५ मध्ये जिवंत होता की नव्हता याने काय फरक पडतो? २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या शाबूत राहिल्या. या घरात वाटणी झालेलीच नव्हती. तिघांना तीन-तीन एकर.

संसदेने २००५ मध्ये दिलेलं तिच्यापर्यंत यायला पंधरा वर्षं लागली. आणि अजूनही कितीतरी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेर तुटेल. त्यांच्या सहीला माझा विरोध नाही. मी एवढंच म्हणते की सही करण्याआधी आपण किती एकर सोडतोय ते वाचा.

थोरलीनेही वाचलं होतं. भावाने आणलेलं हक्कसोडपत्र तिने घडी घालून परत दिलं. आज तिच्या नावाचा सातबारा आहे.